घाटाचा टायर, ट्रॅकचा टायर: परतवाड्याच्या दुकानातून

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की वस्ती संपता संपता माझं टायरचं दुकान लागतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे टायर हा पोटापाण्याचा धंदा. पण गेल्या काही वर्षांत ड्यूक, आर-वनफाइव्ह, अपाचे, डॉमिनार अशा मोटारसायकली घेऊन घाट चढायला येणारी पोरं वाढली आणि दुकानात सतरा इंची स्पोर्ट टायरचा एक अख्खा रॅक उभा राहिला. त्यातली काही पोरं आता मद्रासच्या रेसिंग ट्रॅकवरही जाऊन येतात. परत आली की घासलेला टायर मला दाखवतात. त्या टायरांवरून जे कळलं आणि बसवता-काढता हाताला जे समजलं, ते इथे लिहितो आहे.

मागणी बहुतेकांची एकच असते.

"काका, सॉफ्टात सॉफ्ट टायर पाह्यजे. ट्रॅकवाला."

"रोज कोठं चालवतं बावा?"

"कॉलेजले. अमरावतीले जाणं-येणं."

परतवाडा ते अमरावती पन्नासेक किलोमीटर, बहुतेक सरळ रस्ता. या पोराला ट्रॅकचा टायर दिला तर मधला पट्टा बघता बघता सपाट होईल, दोन्ही कडा कोऱ्या राहतील आणि जूनच्या पहिल्या पावसात तो घसरेल. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच विचारतो: गाडी कुठे फिरते, आणि तेव्हा टायर किती गरम होतो? टायरची निवड या दोन गोष्टींवर करायची. निवड झाली की मग हवा. कंपनीचं नाव त्याच्या नंतर.

पकड कशाने येते

रबर रस्त्याला दोन तऱ्हेने धरतं. खडीच्या बारीक टोकांवर ते दबतं, त्यांच्या आकारात बसतं आणि सावकाश मूळ आकारावर येतं. त्या सावकाशीमुळे टायर घसरायला विरोध होतो. शिवाय कोरड्या, स्वच्छ रस्त्याला ते थोडं चिकटतंही. दोन्हींसाठी रबर नरम लागतं, आणि नरम व्हायला गरमी लागते. प्रत्येक मिश्रणाचा, म्हणजे कंपाउंडचा, गरमीचा आपला पट्टा असतो. त्याच्या खाली रबर कडक राहतं, त्याच्या वर गेलं की लोण्यासारखं सुटायला लागतं.

रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरचं कंपाउंड हा पट्टा रुंद ठेवून बनवलेलं असतं. त्यात सिलिका (वाळूच्या जातीची बारीक पूड) असते, तिच्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावरही टायर धरतो. रेसचा स्लिक, म्हणजे बिनखाचांचा गुळगुळीत टायर, वेगळा. तो ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात गेल्यावर खरा कामाला लागतो. म्हणूनच रेसच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबवायच्या जागी, चाकांना विजेवर तापणारी पांघरुणं गुंडाळतात, त्यांना टायर वॉर्मर म्हणतात. टायर ऐंशीच्या आसपास आला की मगच गाडी बाहेर सोडतात.

यावर पोरांचा युक्तिवाद ठरलेला असतो: आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, डांबर साठीच्या वर तापतं, मग वॉर्मरची गरजच काय? गरज आहे, कारण टायरची गरमी नुसती रस्त्यातून येत नाही. जोरात ब्रेक लागतो, वळणावर वजन पडतं, टायर आतून दबतो-उसळतो आणि त्या हालचालीने त्याचा गाभा तापतो. ट्रॅकवर हे दर वळणाला होतं. गावातून जाताना पुढे म्हशींचा कळप, मग गतिरोधक, मग एसटी. तिथे रेसच्या टायरचा गाभा कधीच तेवढा तापत नाही. वरची साल तेवढी भाजते. पाणी बाहेर काढायला स्लिकला खाचाच नसतात, आणि तो सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेलाही नसतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. टायर पूर्ण तापून पुन्हा थंड झाला की एक फेरा झाला, त्याला हीट सायकल म्हणतात. रेसच्या कंपाउंडला असे मोजकेच फेरे झेपतात. प्रत्येक फेऱ्यात रबर थोडं कडक होतं. खाच पुरेशी खोल दिसते, पण पकड गेलेली असते. ट्रॅकवर वापरलेले टायर स्वस्तात विकायला निघतात, ते मोहापायी घेऊ नका. त्यांची खाच बघून काहीच कळत नाही.

मग कोणता घ्यायचा

ढोबळ चार वर्ग धरा. स्पोर्ट-टूरिंग टायर लांबच्या प्रवासाचा, पावसाचा, जास्त टिकणारा. मिशेलिनचा रोड हा त्यातला ओळखीचा. दुसरा रस्त्याचा स्पोर्ट टायर: पिरेलीचा डायाब्लो रोसो, मेट्झेलरचा स्पोर्टेक, आपल्याकडचे अपोलो अल्फा एच-वन, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, एमआरएफचे रेव्ह्झ. तिसरा रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला पण जीव ट्रॅकमध्ये असलेला, जसा पिरेलीचा सुपरकोर्सा एसपी. चौथा स्लिक.

दोनशे ते चारशे सीसीची गाडी, रोजचं जाणं-येणं, महिन्यातून एखादा घाट आणि वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस), एवढा वापर असेल तर दुसऱ्या वर्गातला चांगला रेडियल टायर (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेला) पुरतो. हे मी ठामपणे सांगतो. पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला तुम्ही टायरच्या मर्यादेच्या जवळपासही नसता; तिथे कमी पडते ती नजर, ब्रेकची वेळ आणि अंगाची ठेवण. ट्रॅकचा टायर बसवून नवखा माणूस वेगवान होत नाही, उलट थंड टायरवर पहिल्याच फेरीत पडण्याची शक्यता वाढते.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम बघा. विदर्भात आता सिमेंटचे रस्ते खूप झाले. सिमेंट खरखरीत, सरळ आणि उन्हात तापलेलं. टायरचा मधला पट्टा ते खाऊन टाकतं. म्हणून दुहेरी कंपाउंडचा टायर मिळत असेल, म्हणजे मध्ये कडक आणि कडेला नरम, तर मागच्या चाकाला तोच घ्या. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे लांबच्या सरळ प्रवासाला जुने राष्ट्रीय महामार्गच वाट्याला येतात आणि तिथेच टायर सपाट होतो. मध्ये सपाट झालेला टायर वळणात झुकताना अडखळतो, मग एकदम पडल्यासारखा झुकतो. गाडी "वळत नाही" म्हणून हँडलचे बेअरिंग बदलायला आलेल्या कित्येकांचा दोष मागच्या टायरचा निघतो.

विदेशी टायर घ्यायचा तर हे माहीत असू द्या: जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून काही मापं कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. मिळालेला टायर गोदामात किती दिवस पडून होता ते तपासणं त्यामुळे जास्तच गरजेचं झालं.

टायरच्या अंगावर काय लिहिलेलं असतं

ड्यूक 390 च्या मागच्या टायरवर 150/60 आर 17 66 एच असं असतं. रुंदी 150 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 60 टक्के, आर म्हणजे रेडियल, 17 इंची रिम. 66 हा वजनाचा आकडा, तो 300 किलो पेलतो. पुढच्या 110/70 आर 17 टायरवर 54 असतो, त्याचे 212 किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एस 180, एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270 किलोमीटर ताशी. गाडीला कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका. तुम्ही त्या वेगाने जात नसलात तरी गरमी सहन करण्याची ताकद त्याच अक्षरात मोजलेली आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात ती लागते.

बाजूला बाण असतो, चाक फिरण्याची दिशा तो दाखवतो. आयएसआयची खूण बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोण काढून त्यांची जागा दाखवलेली असते. दुचाकीच्या टायरात ते 0.8 मिलिमीटरचे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मी त्याआधीच बदलायला सांगतो.

आता तारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने काही सांगो, बॅटरी लावून स्वतः वाचा. काही टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटून बघा. आणि टायर कुठे ठेवला होता तेही विचारा. आपल्याकडे टिनाच्या शेडमध्ये टायर रचतात, मे महिन्यात तिथे हात लावता येत नाही. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर आणखी वाईट. वेल्डिंगमधून आणि विजेच्या मोटारींमधून ओझोन निघतो आणि रबराला बारीक भेगा पाडतो. नखाने कड दाबून बघा: चांगलं रबर दबून परत येतं, वाळलेल्यावर नख सरकतं. पाच-सहा वर्षांचा टायर कोरा असला तरी मी विकत नाही, आणि स्पोर्ट टायरच्या बाबतीत दोन वर्षांहून जुना घेऊ नका असंच सांगतो.

रुंद टायरचा हट्टही सोडून द्या. आर-वनफाइव्हला 140/70 येतो, त्या जागी 150 बसवून द्या म्हणणारे बरेच. रिम तेवढीच राहिली की रुंद टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगून टोकदार होतो. मागून बघायला गाडी भारी दिसते; सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग मात्र कमी होतो, वळणाला गाडी जड होते आणि टायर कधी चेनला किंवा मडगार्डला घासतो.

बसवताना डोळ्यासमोर उभे राहा

सतरा इंची अलॉय रिमवरचा रेडियल टायर पान्यांनी आणि हातोड्याने काढू देऊ नका. रिमच्या ओठाला खरचटलं की तिथून हवा झिरपते. मशीन असलेल्या ठिकाणी जा, नसेल तर रिमला प्लास्टिकचे गार्ड लावून काम करायला लावा. बीडला, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या जाड कडेला, साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावतात. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावत असेल तर थांबवा, कारण मग जोरात ब्रेक लागला की टायर रिमवर फिरतो. टायरवर पिवळा ठिपका असला तर तो हलक्या बाजूची खूण, तो वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, समोर आणायचा. वॉल रबराचा असेल तर टायरबरोबर नवाच टाका, तीस-चाळीस रुपयांसाठी जुना ठेवू नका. हवा भरताना बीड दोन्ही बाजूंनी ठक-ठक करून बसल्याचा आवाज येतो. त्यानंतर रिमलगतची बारीक गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहा. कुठे रेघ आत गेली असेल तर बीड तिथे बसलेला नाही.

मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. गावाकडे ते टाळतात. शंभरच्या पुढे हँडल थरथरतं ते बहुतेक यामुळेच. मागचं चाक चढवल्यावर चेनचा ढील पुस्तकात दिल्याप्रमाणे, दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या, अॅक्सल ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. एबीएसच्या (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला आणि त्याच्या दातेरी चकतीला धक्का लागला नाही ना, हेही पाहा. निघण्याआधी पुढचा-मागचा ब्रेक हलत्या गाडीवर नको, उभ्या गाडीवर चार-पाच वेळा दाबा. चाक काढताना ब्रेकच्या कॅलिपरचे पॅड मागे सरकलेले असतात, पहिला ब्रेक रिकामा जातो. दुकानातून बाहेर पडून पहिल्याच चौकात भिंतीला जाण्याचं हे कारण आहे.

नव्या टायरच्या वरच्या सालीवर चकाकी असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून, दर थोड्या वेळाने झुकाव वाढवत चालवा. सँडपेपर, रॉकेल, डिझेल यातलं काहीही लावू नका. आणि कडेला काळी चकाकी यावी म्हणून पॉलिश मारणाऱ्याला नक्षीच्या भागापासून लांबच ठेवा.

हवा

दुकानात सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवतो, कारण फुकटात सुधारता येणारी हीच एक गोष्ट आहे.

स्वतःचा गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. एकच गेज सतत वापरला की निदान तुमचे आकडे आपापसांत जुळतात. कंपनीने सांगितलेली हवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर), चेनगार्डवर किंवा पुस्तकात लिहिलेली असते. ती थंड टायरची असते. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, आणि उन्हात उभी नाही.

पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. 30 पीएसआयच्या आसपासच्या टायरात दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतात. मे महिन्यात पहाटे 28 अंश आणि दुपारी 45, म्हणजे गाडी जागची न हलवताही अडीच पीएसआयचा फरक पडतो. दुपारी दोनला गाडी थांबवून "हवा जास्त झाली" म्हणून सोडायला लावणारे फार. सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि आपल्या उन्हात तेच टायर फुटण्याचं कारण होतं. तापलेल्या टायरातली हवा रस्त्यावर कधीही सोडायची नाही. सकाळी मोजा, सकाळीच भरा. पहाटे थंडी असते त्या डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं, हवा आपोआप उतरते. तेव्हा आठवड्याला एकदा बघा. नायट्रोजनबद्दल विचारतात. तापल्यावर तोही तेवढाच फुगतो. फायदा एवढाच की तो कोरडा असतो. आमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढलं तर साधी हवाही चांगली.

ट्रॅकवर हिशोब बदलतो. तिथे टायर खूप तापतो, म्हणून सुरुवातीची थंड हवा रस्त्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवतात आणि पुढचं सगळं गरम टायरवर मोजतात. ट्रॅकवर चालवायचं एक सत्र संपवून पिटमध्ये आलात की हेल्मेट काढायच्या आधी गेज लावा. पाच मिनिटं गप्पा मारल्या की आकडा गेला. जुना ठोकताळा असा: रस्त्याच्या टायरात गरम झाल्यावर पुढे दहा टक्के आणि मागे वीस टक्क्यांपर्यंत वाढ ठीक. वाढ त्याहून जास्त आली तर थंड हवा कमी होती, टायर जास्त दबून तापला. वाढ फारच कमी आली तर हवा जास्त होती किंवा तुम्ही अजून सावकाश चालवता आहात. टायर कंपनीने ट्रॅकसाठी स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. प्रत्येक सत्राचा आकडा आणि वेळ वहीत लिहा. सकाळी नऊचं आणि दुपारी दोनचं मद्रास एक नसतं.

घाट आणि गावचा रस्ता

चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे. खाली परतवाड्यात घाम येत असतो तेव्हा वर वारं गार असतं, आणि थंडीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. अमरावतीहून सरळ रस्त्याने आलेल्या टायरचा फक्त मधला पट्टा तापलेला असतो. घाटाचं पहिलं वळण तुम्ही घेता ते थंड कडेवर. म्हणून धामणगाव गढी सोडल्यावर पहिली आठ-दहा वळणं हळू घ्या. सरळ रस्त्यावर सापासारखी गाडी हलवून टायर तापत नाही. सफाईने ब्रेक लावणं आणि सफाईने वेग वाढवणं, याने तापतो.

आपल्या रस्त्याचे धोके पीकपाण्याबरोबर बदलतात. जून-जुलैत शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर सोडतो. तिच्यावर पाणी पडलं की जगातला कुठलाही टायर धरत नाही. पहिल्या पावसात उन्हाळाभरचं ऑइल आणि धूळ वर येते, अर्धा-पाऊण तास थांबलेलं बरं. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन काढतात. दाणा आणि कुटार (भुसा) दोन्हींवर पुढचं चाक सरकतं, आणि ढीग वळणाच्या पलीकडेच असतो. कपाशी निघाली की पऱ्हाटी कापतात, तिचे तिरपे तुटलेले खुंट धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कच्च्या वाटेला टायरात घुसतात. स्पोर्ट टायरचं रबर पातळ आणि नरम, त्याला बाभळीचा काटाही पुरतो. शेतात जायचं असेल तर दुसरी गाडी न्या.

आणि घाटात शर्यत नको. वर मेळघाट आहे, रस्त्यावर गुरं आहेत, कोरकू पाड्यांवरची माणसं पायी चालतात. कडेचा कोरा पट्टा मिटवायला म्हणून आंधळ्या वळणात झुकणारी पोरं मी पाहतो आणि काळजात धस्स होतं. तो पट्टा दोन बोटं राहिला तर राहू द्या. तो मिटवायची जागा ट्रॅक.

ट्रॅकवर नेताना

आपल्याला सोयीचा ट्रॅक मद्रासचा: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, साधारण 3.7 किलोमीटरचा, आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. कोइम्बतूरचा कारी त्याहून लहान. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर, 2023 च्या सप्टेंबरात तिथे मोटोजीपी झाली. मोठ्या गाड्यांना तो बरा. नागपूरहून चेन्नई रस्त्याने हजार किलोमीटरच्या पुढे. चालवत गेलात तर ट्रॅकसाठी जपलेल्या टायरचा मधला भाग वाटेतच खर्च होतो आणि परतीचा प्रवास थकलेल्या टायरवर होतो. रेल्वेच्या पार्सलने पाठवा (टाकी पूर्ण रिकामी करूनच घेतात) किंवा दोघा-तिघांत मिळून पिकअप करा. काही प्रशिक्षणवाले ट्रॅकवरच गाडी देतात. पहिल्यांदा तेच करा.

नेण्याआधी टायर निम्म्याहून जास्त शिल्लक हवा. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर नेऊ नका, मग पंक्चर कितीही चांगलं काढलेलं असो. तपासणीत तो नाकारूही शकतात. बाहेरून भरलेली स्ट्रिप ही घरी पोचण्यापुरती सोय आहे. त्यानंतर टायर खोलून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) मारायचा, तोही फक्त मधल्या नक्षीच्या भागात. कडेला किंवा साईडवॉलला छिद्र पडलं की टायर बाद. आत पंक्चरचं द्रव ओतलेलं असेल तर ते साफ करून पुन्हा बॅलन्स करा.

दर सत्रानंतर टायर बघायला शिका. गुडघ्यावर बसा, कडेवरून अंगठा फिरवा. चांगल्या तापलेल्या टायरवर बारीक, एकसारखी सुरकुती दिसते, अंगठ्याला रबर किंचित चिकटतं, आणि कडेला बारीक काळ्या गोळ्या गोळा झालेल्या असतात. साल फाटल्यासारखी, खवले उचलल्यासारखी दिसली तर टायर आतून थंड होता किंवा हवा जास्त होती. रबर निळसर, तेलकट दिसत असेल तर तो जास्त तापला. पुढचं सत्र सोडून द्या. ट्रॅक ज्या बाजूला जास्त वळतो ती कड आधी संपते, म्हणून दोन्ही बाजू बघा. पहिल्या दोन फेऱ्या प्रत्येक सत्रात सावकाश, मधल्या विश्रांतीत टायर थंड झालेला असतो.

संध्याकाळी गाडी भरण्याआधी कडेला चिकटलेल्या रबराच्या गोळ्या आणि खडी खरवडून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर पूर्ण थंड असताना, हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा. ट्रॅकची कमी हवा तशीच ठेवून मागे माणूस आणि सामान घेऊन महामार्गाला लागलेली गाडी मी दुकानात पाहिली आहे. टायरची आतली बाजू घासून तिचा भुगा झाला होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गावी आल्यावर टायर एकदा खोलून आतून बघून घ्या. माझ्याकडे आलात तर त्याचे पैसे घेत नाही.